‘जंगल बुक’च्या सचित्र आवृत्त्या : वैनगंगेचे रान आणि संग्राहकांची प्रतीक्षा

मध्य प्रदेशातील बालाघाट हे शहर वैनगंगेच्या काठी वसले आहे. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावापाशी उगम पावणारी ही नदी सिवनीतच मोठा वळसा घेते, बालाघाटमध्ये दक्षिणेकडे वळते आणि पुढे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करीत वर्धेला मिळते. दोघींच्या संगमानंतरच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. विदर्भातील शेतकऱ्याला ही नदी भाताच्या बांधांमुळे परिचित आहे. जगातील जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांना मात्र ती एका पुस्तकामुळे ठाऊक आहे. रडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मध्ये शेरखान वाघाचा वावर याच नदीच्या आसपास आहे, आणि मोगली म्हशींचा कळप उधळून त्याला चिरडतो ती घळही वैनगंगेचीच.

ज्यात पशू बोलतात, सभा भरवतात आणि कायदा पाळतात, असे हे अद्भुतरम्य पुस्तक १८९४ पासून अखंड छापले जात आहे. त्यावरील ब्रिटनमधील स्वामित्वहक्क २००६ अखेर संपला. भारतात तो त्याआधी वीस वर्षे, लेखकाच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाल्यावर, १९८६ अखेरच संपलेला होता. तेव्हापासून कोणताही प्रकाशक कोणत्याही चित्रकाराला हाताशी धरून नवी सचित्र आवृत्ती काढू शकतो. संहिता सर्वांना ठाऊक आणि विनामूल्य उपलब्ध असल्याने नव्या आवृत्तीत नवे असते ते फक्त चित्र, कागद, छपाई आणि बांधणी. संग्राहक वाट पाहतात ती याच गोष्टींची. चित्रकाराचे नाव जाहीर झाले, एखाददुसरे चित्र नमुन्यादाखल दाखवले गेले आणि आगाऊ नोंदणी सुरू झाली की जुन्या आवृत्त्या कपाटातून बाहेर काढून तुलना होऊ लागते. या तुलनेत एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो: चित्रात दिसणारे रान नेमके कुठले?

हा प्रश्न साधा नाही. ज्या लेखकाने हे रान जगाला दिले, त्याने ते पाहिल्याचा पुरावा मिळत नाही.

न पाहिलेले अरण्य

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, सर ज. जी. कलाशाळेच्या आवारात झाला. वडील जॉन लॉकवूड किपलिंग तेथे शिल्पकलेचे अध्यापक होते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटवरील उठावशिल्पे त्यांचीच. लहानग्या रडयार्डला सांभाळणारी आया ‘पोर्तुगीज रोमन कॅथलिक’ होती आणि वाटेवरच्या क्रुसापाशी ती प्रार्थनेला थांबे, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या काळच्या मुंबईत असे वर्णन बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती स्त्रियांचे केले जाई. म्हणजे मोगलीच्या निर्मात्याने बालपणी ऐकलेल्या गोष्टींत काही गोव्याच्या वाटेनेही आल्या असतील, असे मानायला जागा आहे. सहाव्या वर्षी त्याला इंग्लंडला धाडण्यात आले. १८८२ मध्ये तो पत्रकार म्हणून लाहोरला परतला, पुढे अलाहाबादला गेला आणि १८८९ मध्ये त्याने भारत सोडला. ‘जंगल बुक’ लिहिले गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जिथे वर्षातील कित्येक महिने खिडकीबाहेर बर्फ असते.

मग सिवनी, वैनगंगा, कान्हीवाडा ही नावे आली कुठून? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका माणसापाशी जाऊन थांबते. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल हा सातपुड्यात चाकरी केलेला इंग्रज अधिकारी उत्तम चित्रकारही होता. त्याचे ‘सिओनी, ऑर कॅम्प लाइफ ऑन द सातपुरा रेंज’ हे पुस्तक १८७७ मध्ये त्याच्याच चित्रांसह लंडनला प्रसिद्ध झाले. शिकारकथेच्या मिषाने त्यात सिवनी परिसरातील टेकड्या, गावे, गोंड वस्त्या आणि प्राणी यांचे बारकाईने वर्णन आले आहे. पुढे, १८८६ मध्ये, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक सुरू झाले, तेव्हा ई. एच. एटकेन यांच्यासोबत त्याच्या पहिल्या संपादकांत स्टर्नडेल होता. किपलिंगने स्टर्नडेलच्या लेखनाचा आधार घेतला हे अभ्यासकांना मान्य आहे. त्याच्या जोडीला अलाहाबादमधील स्नेही हिल दांपत्याने काढलेली या भागातील छायाचित्रे आणि सांगितलेली वर्णने होती, वडिलांचे ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’ हे १८९१ चे पुस्तक होते, आणि लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांविषयी कर्नल स्लीमन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवलेला वृत्तांतही उपलब्ध होता.

बालाघाटच्या वाचकाचा येथे एक गोंधळ होण्याची शक्यता असते. या जिल्ह्यातही वारासिवनी नावाचे गाव आहे. किपलिंगची सिवनी ती नव्हे, शेजारच्या जिल्ह्याचे ठाणे असलेली सिवनी ती. पण नदी मात्र दोन्हींकडची एकच. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये निर्माण झाला. त्याच्या मुख्य ठाण्याचे जुने नाव बूढा असे होते, आणि बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. लांजी, कटंगी, वारासिवनी या पट्ट्यात मराठी, पोवारी आणि हिंदी आजही एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले असून त्याचे मुक्की हे प्रवेशद्वार बालाघाटकडील बाजूस आहे. पेंचचे अरण्य सिवनी आणि छिंदवाड्याचे. पर्यटनाच्या फलकांवर ‘मोगलीची भूमी’ हा मान मुख्यतः पेंचला मिळतो. शाळकरी मुलांसाठी राज्य शासन भरवते तो मोगली बाल उत्सवही तिथलाच. कान्ह्याच्या वाट्याला बाराशिंगा आला आहे, आणि तो किपलिंगच्या प्राण्यांत प्रमुख नाही.

पहिली आवृत्ती आणि तिच्या खुणा

पुस्तकाची पहिली आवृत्ती लंडनच्या मॅकमिलन कंपनीने मे १८९४ मध्ये काढली. निळी कापडी बांधणी, मुखपृष्ठावर सोनेरी ठशात हत्ती आणि पानांच्या कडांना सोनेरी मुलामा असे तिचे रूप होते. त्याआधी यातील गोष्टी नियतकालिकांत आलेल्या होत्या. मोगली लांडग्यांच्या गुहेत येतो ती पहिली कथा अमेरिकेतील ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात जानेवारी १८९४ मध्ये छापली गेली. पहिल्या आवृत्तीच्या चित्रकारांत लेखकाचे वडील लॉकवूड किपलिंग, डब्ल्यू. एच. ड्रेक आणि पॉल फ्रेंझेनी अशी तीन नावे आहेत. साहजिकच त्या पुस्तकातील चित्रांना एक हात नाही. काही मासिकांतून उचललेली, काही पुस्तकासाठी काढलेली, रेषेचा पोत पानोपानी बदलणारा. वर्षभराने, १८९५ मध्ये, ‘द सेकंड जंगल बुक’ आले, तेव्हा हा विस्कळीतपणा दूर झाला. त्यातील सर्व सजावट वडिलांनी एकट्याने केली. भारतीय कोरीवकामाची ओळख अंगात मुरलेला माणूस जी वेलबुट्टी काढील तशी ती आहे, आणि पुस्तकाच्या संपूर्ण चित्रेतिहासात भारतात प्रदीर्घ काळ काम केलेला हात म्हणून तिचे मोल वेगळे आहे.

दोन्ही पुस्तकांचा हिशेब संग्राहकांनी पक्का ध्यानात ठेवावा. पहिल्यात सात कथा आहेत. त्यांतील फक्त तीन मोगलीच्या. उरलेल्यांत पांढरा सील आहे, रिक्की-टिक्की मुंगूस आहे, हत्तींचा तूमाई आहे. दुसऱ्यात आठ कथा, त्यांतील पाच मोगलीच्या. याखेरीज वनखात्यात चाकरीला लागलेल्या तरुण मोगलीची ‘इन द रुख’ ही कथा यांच्याही आधी, १८९३ मध्ये, निराळ्याच संग्रहात आली होती. ‘संपूर्ण जंगल बुक’ असे वेष्टनावर छापलेल्या अनेक आवृत्त्यांत प्रत्यक्षात पहिलेच पुस्तक असते. नवी आवृत्ती जाहीर झाली की पाहावयाची पहिली गोष्ट म्हणून ही: पुस्तक एक की दोन, आणि कथा किती.

दुसरी खूण स्वस्तिकाची. किपलिंगच्या पुस्तकांवर पुढील काळात वडिलांनी रेखाटलेली गजमुखाची, सोंडेत कमळ धरलेली मुद्रा आणि तिच्यासोबत स्वस्तिक छापले जाऊ लागले. भारतीय वाचकाला त्यात गणपती आणि शुभचिन्हाखेरीज वेगळे काही दिसत नाही. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर किपलिंगने ते स्वस्तिक ठशावरून काढून टाकायला लावले. म्हणून स्वस्तिक असलेली प्रत जुनी, एवढे म्हणता येते. ती पहिल्या आवृत्तीची, असे मात्र म्हणता येत नाही. १८९४ चे पुस्तक याच वर्षात पुन्हा पुन्हा छापले गेले. त्यामुळे नामपृष्ठावरील सालाबरोबर त्यामागच्या पानावरील पुनर्मुद्रणाची नोंद वाचल्यावाचून किंमत मोजणे शहाणपणाचे नव्हे. फिकट पडलेला कणा, सुटलेली शिवण, मागाहून चढवलेले कापड आणि काढून घेतलेली चित्रे यांनी प्रतीचे मोल झपाट्याने घसरते. उपखंडातील दमट हवेत राहिलेल्या प्रतींना कसर आणि बुरशी यांचा उपद्रव असतोच. मुंबईच्या फोर्टातील पदपथांवर जुनी पुस्तके चाळणाऱ्यांना हा वास परिचित आहे.

सर्वांत हृदयस्पर्शी प्रत मात्र बाजारात येणारी नाही. किपलिंगची थोरली मुलगी जोसेफीन हिच्यासाठी त्याने या गोष्टी लिहिल्या होत्या. ज्या प्रतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात तसे लिहून दिले, ती प्रत २०१० मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजशायरच्या विम्पोल हॉल या वाड्यात सापडली. हा वाडा किपलिंगच्या दुसऱ्या मुलीचा, एल्सीचा होता आणि आता तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. जोसेफीन १८९९ मध्ये न्यूयॉर्कला न्यूमोनियाने गेली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या जन्माच्या वेळी शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेलाही किपलिंगने मोगलीच्या पहिल्या कथेचे हस्तलिखित देऊन टाकले होते, अडचण आली तर विकून टाक असे सांगून. पुढे खरोखर अडचण आली, ते विकले गेले आणि त्या बाईचे दिवस सुखात गेले.

जुळे भाऊ, पॅरिसचे लाकडी ठसे आणि नंतरचे

वडिलांच्या सजावटीनंतर ‘जंगल बुक’ला जो पहिला मोठा रंगीत आविष्कार लाभला, तो मॉरिस आणि एडवर्ड डेटमोल्ड या इंग्लंडमधील जुळ्या भावांचा. दोघे १८८३ चे. विशीत असताना त्यांनी काढलेल्या सोळा जलरंगचित्रांचा संच मॅकमिलनने १९०३ मध्ये सुट्या पत्रकांच्या रूपात प्रसिद्ध केला. तीच चित्रे घालून पुस्तकाची आवृत्ती १९०८ मध्ये आली. याच वर्षी मॉरिसने आत्महत्या केली. तो चोवीस वर्षांचा होता. एडवर्ड एकट्याने पुढे बरेच काम करीत राहिला. १९२४ ची त्याची ‘अरेबियन नाइट्स’ संग्राहकांत प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये त्यानेही आपले जीवन स्वतःच संपवले. डेटमोल्ड बंधूंवर जपानी मुद्राचित्रांचा ठसा स्पष्ट दिसतो. काचा अजगराच्या अंगावरील नक्षी, बघीराच्या काळ्या कातडीवरील चकाकी यांत त्यांनी जो जीव ओतला आहे, त्याला तोड नाही. मात्र रानाविषयी विचारले तर ते सातपुड्याचे नव्हे. प्राणी अस्सल आहेत, झाडे कल्पनेतली आहेत. सुट्या पत्रकांच्या संचाचे एक दुर्दैव असे की, त्यातील चित्रे एकेक करून चौकटीत बसवली जातात आणि भिंतींवर विखुरतात. सोळाही चित्रे एकत्र असलेला संच संग्राहक म्हणूनच जपतात.

त्याहून दुर्मीळ आवृत्ती फ्रेंच आहे. पॅरिसमधील पुस्तकप्रेमींच्या एका मंडळाने प्राणिचित्रकार पॉल जूव्ह याच्याकडून ‘जंगल बुक’ची चित्रे काढून घेतली आणि फ्रांस्वा-लुई श्मीड याने ती लाकडी ठशांवर कोरली. मध्ये पहिले महायुद्ध आले. श्मीडला त्यात एक डोळा गमवावा लागला. पुस्तक १९१९ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या प्रती फक्त १२५ निघाल्या. मंडळाच्या सभासदांपुरत्या. त्यात १३० रंगीत ठसे आहेत. विसाव्या शतकातील फ्रेंच ग्रंथकलेच्या शिखरांत या पुस्तकाची गणना होते. जूव्ह प्राण्यांचा अभ्यास करायला यूरोपातील प्राणिसंग्रहालयांत तासन् तास बसत असे. आशियाचा त्याचा मोठा प्रवास घडला तो पुस्तक निघून गेल्यानंतर, १९२२ च्या सुमारास. त्याचा वाघ म्हणजे गजांआडचा वाघ. कदाचित म्हणूनच त्याच्या अंगात इतकी दबलेली ताकद दिसते.

पुढच्या दशकांतील आवृत्त्यांचा धावता उल्लेख पुरे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कुर्ट वीझ आणि इंग्लंडमध्ये स्टुअर्ट ट्रेसिलियन यांची चित्रे आली. मोगलीच्या सर्व कथा एकत्र आणणारे ट्रेसिलियनचे पुस्तक अनेक इंग्रजी घरांत वर्षानुवर्षे वाचले गेले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या लिमिटेड एडिशन्स क्लबने डेव्हिड जेंटलमन याच्या चित्रांसह सभासदांसाठी १,५०० क्रमांकित प्रतींची आवृत्ती काढली. जेंटलमनचे भारतावरील स्वतःचे चित्रमय पुस्तक मात्र १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ ची मिनालिमा या जोडीची आवृत्ती उघडणाऱ्या घड्या, फिरणाऱ्या चकत्या आणि नकाशे यांनी नटलेली आहे. हॅरी पॉटर चित्रपटांतील छापील वस्तू याच जोडीने घडवल्या होत्या. मुलांना ती फार आवडते आणि तिची लोकप्रियता रास्तही आहे, परंतु कागदाच्या करामतीत अरण्याची शांतता हरवते, हे खरेच.

भारतीय घरांत मात्र मोगलीचा चेहरा यांपैकी कोणाही चित्रकाराने ठरवला नाही. तो ठरवला निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीच्या बावन्न भागांच्या मालिकेने. १९८९ ची ती मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. पणजी असो वा बालाघाट, रविवारी सकाळी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या त्या पिढीला आता स्वतःच्या मुलांसाठी चांगले पुस्तक हवे आहे. नव्या सचित्र आवृत्तीच्या खरेदीदारांचा एक मोठा वर्ग हाच, आणि दुर्मीळ पुस्तकांचा बाजार त्याला ओळखत नाही.

चित्रात काय तपासावे

मध्य भारतातील रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना एखादी आवृत्ती हाती घेताच काही गोष्टी खटकतात. विषुववृत्ताकडील वेली आणि नारळीसारखी झाडे हा त्यांतला सर्वांत जुना दोष. बालाघाट-मंडल्याकडील रान सालवृक्षांचे आहे, सरळसोट खोडांचे, मधूनच मोकळ्या कुरणांचे. पेंचकडे सरकले की साग वाढतो. ऐन, तेंदू, मोह, बांबू यांची त्यात भर. उन्हाळ्यात सागाची पाने झडून जातात आणि रान उघडे पडते. ‘जंगल बुक’मध्ये दुष्काळाची एक कथा आहे. नदीचे पात्र आटल्यावर वाघ आणि हरिणे एकाच पाण्यावर तहान भागवतात, असा तिचा विषय. ती कथा हिरव्यागार दाट पार्श्वभूमीवर रंगवणाऱ्या चित्रकाराने ती वाचलेलीच नाही असे म्हणावे लागते.

दुसरा तपास अस्वलाचा. किपलिंगने बल्लूला तपकिरी म्हटले आहे. त्यामुळे अनेक चित्रकार थंड प्रदेशातील प्रचंड तपकिरी अस्वल काढून मोकळे होतात. सातपुड्यातील अस्वल काळे, झिपरे, लांबट नाकाचे आणि छातीवर पांढरट नालेच्या आकाराची खूण असलेले असते. मोहाची फुले आणि वारुळे हे त्याचे खाद्य. मुळातील शब्द पाळावा की रान पाळावे, हा चित्रकारापुढचा खराखुरा पेच आहे, आणि उत्तर कोणतेही असले तरी विचारपूर्वक दिलेले ओळखू येते. वानरराजा लुई हा तर पुस्तकात नाहीच. १९६७ च्या डिस्ने चित्रपटाने आणलेला तो ओरांगउटान भारतात आढळत नाही. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तो दिसला तर चित्रकाराचे मूळ आधारसाहित्य पुस्तक नसून पडदा आहे असे समजावे. लांडग्यांबाबत खुद्द किपलिंगचीच थोडी गफलत आहे. भारतीय लांडगा दाट सालवनापेक्षा मोकळे माळ आणि खुरटी झुडपे पसंत करतो. दाट रानात कळपाने शिकार करणारे ते रानकुत्रे, म्हणजे कोळसून. किपलिंगने दुसऱ्या पुस्तकात त्यांचा जो हल्ला रंगवला आहे, वैनगंगेच्या कड्यांवरील आग्या मोहोळांसह, तो चित्रकाराच्या कसोटीचा प्रसंग आहे. तो वगळणाऱ्या आवृत्त्या पुष्कळ.

नदीही आता तीच राहिलेली नाही. सिवनी जिल्ह्यात भीमगड येथे वैनगंगेवर संजय सरोवर हे मातीचे मोठे धरण झाले आणि खालच्या प्रवाहाचे वेळापत्रक बदलले. स्टर्नडेलने पाहिलेले पाणी आज पाहायचे तर त्याच्याच १८७७ च्या पुस्तकातील चित्रांपाशी जावे लागते. ‘जंगल बुक’च्या आवृत्त्यांमागे धावणारे कित्येक संग्राहक या पुस्तकाकडे शिकारकथा म्हणून दुर्लक्ष करतात. मोगलीच्या रानाचे प्रत्यक्षदर्शी चित्र हवे असेल, तर त्या शेल्फावरचे पहिले पुस्तक हे असायला हवे.

त्याच डोंगरांतून आलेले उत्तर

या रानाचे स्वतःचे चित्रकार नाहीत असे नाही. बालाघाटच्या शेजारी जुन्या मंडला जिल्ह्यात, आजच्या डिंडोरीत, पाटनगढ हे परधान गोंडांचे गाव आहे. मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन येथे राहिले होते. जनगढ सिंह श्याम (१९६२ ते २००१) याच गावचे. घराच्या भिंतींवरील चित्रे आणि देवादिकांच्या गाण्यांतील रूपे त्यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर आणली आणि त्यातून ज्या शैलीला आज गोंड चित्रकला म्हणून जग ओळखते ती उभी राहिली. ठिपके, रेघोट्या, खवले यांनी भरलेला प्राणी, आणि त्याच्या शिंगांतून फुटणारे झाड. या चित्रांत रान ही प्राण्यामागची पार्श्वभूमी नसते. प्राणी आणि झाड एकाच देहाचे असतात.

जनगढांचे भाचे भज्जू श्याम यांना एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला नेण्यात आले. दोन महिने ते तेथे राहिले. त्या मुक्कामातून ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक निघाले, चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले. त्यात लंडनचे मोठे घड्याळ आरवणाऱ्या कोंबड्याच्या देहात शिरले आहे, भुयारी रेल्वे गांडुळासारखी जमिनीखालून सरपटते, आणि रोज ठरल्या वाटेने घेऊन जाणारी बस हे एक इमानी कुत्रे आहे. किपलिंगने लांबून सातपुड्याचे रान रचले. सातपुड्याच्या माणसाने लंडनला जाऊन तिथले रान रचले. फरक असा की, भज्जू श्याम आपल्या विषयाच्या ठिकाणी प्रत्यक्ष राहून आले होते. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

संग्राहकांच्या दृष्टीने तारा बुक्सचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक अधिक महत्त्वाचे. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उरवेती या तिघांची वृक्षचित्रे त्यात काळ्या कागदावर हाताने पडदाछपाई करून उमटवली आहेत. २००८ मध्ये इटलीतील बोलोन्या बालग्रंथ मेळ्यात त्याला पुरस्कार मिळाला. पुस्तक हाताने छापले आणि शिवले जात असल्याने त्याच्या आवृत्त्या मर्यादित संख्येने निघतात. प्रत्येक प्रतीवर क्रमांक असतो आणि नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ बदलते. त्यामुळे एक आवृत्ती संपली की पुढचीची प्रतीक्षा सुरू होते, आणि प्रतीक्षा करणाऱ्यांत यूरोप-अमेरिकेतील ग्रंथालयेही असतात. लंडनच्या एखाद्या विशेष आवृत्तीसाठी मोजाव्या लागणाऱ्या रकमेच्या मानाने ते आजही पुष्कळ आवाक्यातले आहे. छापखान्यातील रंगाचा वास पुस्तक उघडताना येतो. हा वास काही वर्षे टिकतो.

मोगलीच्या कथांचे चित्रण करताना या परंपरेची मदत घ्यावी, असा विचार कोणत्याही भारतीय प्रकाशकाला सुचण्यासारखा आहे. संहितेवर हक्क कोणाचा नाही, चित्रकार हयात आहेत, हाताने छापणारे कारखाने चालू आहेत. अडचण आहे ती वेगळी. किपलिंगच्या कथांतील गोंड एक काळसर शिकारी म्हणून क्षणभर येतो आणि निघून जातो. गावे येतात ती मोगलीने उद्ध्वस्त करण्यासाठी. साम्राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या लेखकाने रचलेल्या या रानात त्या रानाच्या मूळ रहिवाशांना फारशी जागा नाही. गोंड चित्रकाराने हे पुस्तक हाती घेतले तर त्याला निव्वळ सजावट करून भागणार नाही. संहितेत जे नाही ते चित्रात यावे लागेल. संग्राहक नव्या आवृत्तीकडून जे नवेपण मागतात ते कदाचित असेच असते, पण अशा आवृत्तीला प्रकाशकाचे धैर्य लागते, आणि कथांच्या जोडीला चित्रकाराचे मनोगत छापण्याइतकी पाने लागतात.

तोवर वैनगंगेच्या काठच्या वाचकाने काय करावे? जुन्या प्रतीच्या शोधात असणाऱ्याने नामपृष्ठ, पुनर्मुद्रणाची नोंद, चित्रांची मोजणी आणि बांधणी या चार गोष्टी पाहाव्यात. मुलांसाठी घेणाऱ्याने कथांची संख्या पाहावी, कारण संक्षिप्त आवृत्तीत दुष्काळ आणि कोळसुनांचा हल्ला हे दोन प्रसंग हमखास कापलेले असतात. नव्या आवृत्तीची आगाऊ नोंदणी करणाऱ्याने नमुन्याच्या चित्रात झाड पाहावे. वाघ सगळ्यांनाच काढता येतो. सालाचे झाड ओळखू येईल असे काढलेले असेल, तर चित्रकार मुक्कीच्या वाटेने कधीतरी गेला असण्याचा संभव आहे.